नाना उठून आत गेले, आता परत कसं जायचं?

प्रश्न: ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एसवायबीएला आहे. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने गावातल्या माजी सैनिकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायचं ठरवलंय. पहिलीच मुलाखत आमच्या आळीतल्या नानांची घेतली. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, 1971 च्या बांगलादेश युद्धात जमालपूरच्या लढाईत होते. पाऊण तास मस्त बोलले, पण सगळं लंगर म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर, काश्मीरच्या पोस्टवरची खेचरं, रजा, बदल्या हेच. मग ग्रुपमधल्या एकाने विचारलं, नाना तुम्ही किती जणांना मारलं? नाना गप्प झाले, उठून आत गेले ते परत बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, परत येऊ नका, रात्रभर झोपले नाहीत ते. शिवाय त्यांनी सांगितलेल्या तारखा नेटवरच्या तारखांशी जुळत नाहीत. आणि सरांना 26 जानेवारीला दाखवायला तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे, म्हणतात शौर्याचा भाग तेवढा घ्या. मला खूप अपराधी वाटतंय. प्रोजेक्ट सोडून देऊ का?

उत्तर:

अगं सोडू नकोस. तुला अपराधी वाटतंय म्हणजेच हे काम तू करायला हवंस, कारण ज्याला त्या रात्रीचं काहीच वाटलं नसतं त्याच्या हातात रेकॉर्डर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी नानांचं बघू, बाकी प्रोजेक्ट नंतर. त्या मुलावर चिडू नकोस, सिनेमे बघून आपल्या सगळ्यांनाच वाटतं की फौजी म्हटला की हेच विचारायचं. पण हा प्रश्न त्यांना पन्नास वर्षात बायकोनेसुद्धा विचारला नसेल, मुलाने विचारला नसेल, आणि कॉलेजातल्या पोराने चहाचा कप हातात धरून विचारला. काही माणसं अशा वेळी हसून विषय बदलतात, काही रागावतात, नाना उठून गेले. उठून जाणं हेही त्यांचं उत्तरच आहे आणि ते तुम्ही ऐकलंत, आता त्याचा मान ठेवायचा.

परत जायचं ते रेकॉर्डिंगसाठी नाही. फोन घरी ठेव किंवा पर्समधून बाहेरच काढू नकोस. अख्खा ग्रुप नको, तू एकटी जा, किंवा आईला बरोबर घे, आळीतलेच आहेत म्हणजे आईची ओळख असणार. आणि आधी सूनबाईंशी बोल, नानांशी नंतर. रात्री त्या घरात कोण जागं राहिलं असेल ते तूच विचार कर. त्यांना म्हण, वहिनी, आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला, तसं विचारायला नको होतं. बास, एवढंच, पुढे 'पण आमचा हेतू' वगैरे जोडायचं नाही. मग नाना भेटले तर त्यांनाही तेच सांग, आणि अजून एक गोष्ट सांग, की जे रेकॉर्ड झालंय ते तुमचं आहे, तुम्ही म्हणालात तर आत्ता तुमच्यासमोर डिलीट करते. आणि खरंच करायची तयारी ठेवून बोल हं. ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या फोनवर कॉपी असेल तर तीसुद्धा. नाही म्हणाले तर नाही, विषय संपला, रस्त्यात भेटल्यावर नेहमीसारखा नमस्कार करायचा.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. एखादी रात्र अस्वस्थ जाणं वेगळं, पण वहिनींच्या बोलण्यात असं आलं की हे नेहमीचं आहे, दचकून उठतात, घामाघूम होतात, तर त्यांना एवढं सांग की माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं, आणि घरातूनच बोलायचं असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा फोन आहे, सरकारी आहे, फुकट आहे. तू काउन्सेलर नाहीस, व्हायचा प्रयत्नही करू नकोस.

आता तुझं ते वाक्य, 'सगळं लंगर, खेचरं, रजा, बदल्या हेच'. इथे मला तुझ्याशी जरा भांडायचंय, कारण मला विचारशील तर त्या पाऊण तासात तुम्हाला सोनं मिळालंय आणि तुम्ही ते बाजूला ठेवून दुसरंच शोधत बसलात.

जमालपूरचं घे ना. डिसेंबर 1971, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन टांगाईलचा रस्ता अडवून बसली. आपल्या ब्रिगेडियरने समोरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि त्याने उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी परत पाठवली. 10 तारखेच्या रात्री पाकिस्तान्यांनी रस्ता फोडून निघायचा प्रयत्न केला, मोठी लढाई झाली, 11 ला जमालपूर पडलं आणि 16 ला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. हे सगळं लिहिलेलं आहे, मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी लिहिलंय, तुला लायब्ररीत बसून मिळेल. त्यासाठी नानांना त्रास द्यायची काही गरज नाही. पण त्या रात्री पलटणीतल्या साध्या शिपायाने काय खाल्लं होतं, ओले बूट कुठे वाळवले, शेजारच्या खड्ड्यात कोण होतं आणि तो कुठल्या गावचा, अंधारात खोकला आला तर काय करायचे, हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. लंगरचं सांगतोय तोच माणूस तुला हे सांगू शकतो, आणि तो ते लंगरपासूनच सुरू करणार.

अजून एक उदाहरण देते. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातले, माणगावात त्यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तरी ते एकटे मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि मग शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय होतं 22. त्या सन्मानपत्रात त्यांची शेवटची काही मिनिटं अगदी बारीक तपशिलात आहेत, आणि त्याआधीची बावीस वर्षं कुठेत? भरतीला कोणाबरोबर गेले, बोटीत पहिल्यांदा बसल्यावर काय वाटलं, इटलीतल्या डोंगरात सह्याद्रीची आठवण आली का, घरी शेवटचं पत्र काय लिहिलं? शौर्याचा भाग तेवढा घ्या म्हटलं की असं होतं बघ. ज्यांनी घेतला त्यांचं चूक नाही, सन्मानपत्र हे त्यासाठीच असतं, पण तुमचा प्रोजेक्ट हे सन्मानपत्र नाहीये.

तुमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी तुला माहीत असेलच, घरटी फौजी असलेलं गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले. आपल्याकडच्या कितीतरी गावात चावडीवर नाहीतर देवळाच्या भिंतीत ब्रिटिशांच्या काळातली दगडी पाटी असते, या गावातून 1914 ते 1919 च्या लढाईत इतके गेले, पैकी इतके मेले. दोन आकडे. एकही नाव नाही. त्यांच्यातलं कोणी परत येऊन ओसरीवर बसून काय बोललं असेल ते सगळं गेलं, आता कोणालाच कळणार नाही. 1971 ला जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे, 62 च्या चीन युद्धातले तर ऐंशी ओलांडलेले. मी घाबरवत नाहीये, पण म्हणूनच म्हणते सोडू नकोस.

मग विचारायचं काय? मी सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच ओसऱ्यांवर रेकॉर्डर घेऊन बसलेय, त्यातून एक सांगते की लढाईपासून सुरुवात करू नये, लहानपणापासून करावी. घर कसं होतं, जमीन किती, भावंडं किती, शाळा कितवीपर्यंत. भरतीला का गेलात हा प्रश्न विचारलास तर 'देशसेवेसाठी' असं एका शब्दात उत्तर येईल, ते खरंही असेल, पण 'भरतीला गेलात त्या दिवशी सकाळी घरातून कसे निघालात, बरोबर कोण होतं, घरी सांगितलं होतं का' असं विचारलं की माणूस त्या सकाळीत जातो आणि मग दुष्काळ निघतो, बापाशी झालेलं भांडण निघतं, शेजारचा पेन्शन आलेला मेजर निघतो ज्याच्या बुटांकडे बघून हा भरती झाला. मग बेळगावचं सेंटर, पहिले केस कापले तो दिवस, हिंदी येत नव्हती तेव्हा काय गंमत झाली, ट्रेनिंग देणारा उस्ताद कसा होता. मग पत्रं. 56 एपीओ किंवा 99 एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस) एवढाच पत्ता, माणूस नेमका कुठे आहे ते घरच्यांना कळायचं नाही, आणि घरचं पत्र तिकडे पोचायला किती दिवस लागायचे, ते वाचून कोण दाखवायचं. मग लग्न, ते बहुतेक रजेतच झालेलं असतं आणि त्यातली निम्मी रजा प्रवासात गेलेली असते.

लढाईपर्यंत ते स्वतःहून येतील, नाही आले तर नाही. आले की प्रश्न कमी कर. तुझं काम तेव्हा फक्त समोर असणं एवढंच आहे. गप्प झाले तर गप्प बस, मध्येच 'ग्रेट नाना', 'जय हिंद' असं काही टाकून ती जागा भरायची नाही, आपल्याला ती शांतता फार लांब वाटते पण त्यांच्यासाठी ती लांब नसते, बऱ्याचदा खरी गोष्ट तिच्यानंतरच येते. आवाज दाटला तर विचार, 'नाना थांबूया का?' आणि हो म्हणाले तर रेकॉर्डर त्यांना दिसेल असा बंद कर. आणि कधीही अशा जागेवर सोडून उठून जायचं नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर पुन्हा इकडच्या गप्पा काढायच्या, पाऊस, ऊस, नातवंडं, चहा होऊ दे, मग निघायचं.

आणि लढाईनंतरचं विचारायला विसरू नकोस, हे जवळजवळ सगळेच विसरतात. शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर घरी येतो, त्यानंतर त्याचं अर्धं आयुष्य बाकी असतं. कोण बँकेत गार्ड होतो, कोण कारखान्यात वॉचमन, कोण शेती. ज्या घरात वर्षातून दोन महिने पाहुण्यासारखा यायचा तिथे आता रोज राहायचं, पोरं नीट ओळखत नाहीत, भावांनी वाटण्या करून टाकलेल्या. मला तर यातच सगळ्यात जास्त इतिहास दिसतो.

वस्तू बाहेर काढायला लाव. काळी ट्रंक अजून असेलच माळ्यावर, नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली. ती उघडली की प्रश्नांची यादी बाजूला ठेव. डिस्चार्ज बुक, ग्रुप फोटो, आणि मेडल. मेडलचा नुसता समोरून फोटो काढू नका, कडेवर नाहीतर पाठीमागे बघा, तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं, बाजूने उजेड पडेल असं धरलं की वाचता येतं. बांगलादेशच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार मिळालेला, म्हणजे बोलण्यात गोंधळ झाला तरी कुठे होते ते मेडलवरून कळतं. ग्रुप फोटोवर बोट ठेवून एकेकाचं नाव विचार, आणि आवाजात यायला हवं की 'मागच्या रांगेत डावीकडून तिसरा', नाहीतर नंतर ऐकताना 'हा आमचा गडी, आणि हा तो' एवढंच ऐकू येतं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, आधार यांचे फोटो मात्र कुठेही टाकायचे नाहीत, त्यावर बँकेपर्यंतची माहिती असते आणि म्हाताऱ्या माणसांना फसवणारे टपलेलेच असतात.

तारखांचं बोलू. जमालपूर 11 डिसेंबरला पडलं आणि नाना नोव्हेंबर म्हणाले, असंच काहीतरी असणार ना? मध्येच थांबवून 'नाही नाना, गुगलवर वेगळं आहे' असं म्हणू नका प्लीज, एकदा असं केलं की पुढे माणूस आठवून बोलत नाही, तपासून बोलतो. त्यांचं त्यांच्या शब्दात राहू दे, तुम्ही ट्रान्सक्रिप्टमध्ये खाली टीप द्या की नोंदीप्रमाणे तारीख अमुक. आणि का चुकलं असेल याचा विचार कर, कारण चुकण्यातही बरंच काही असतं. इटलीत तेर्नी नावाचं पोलादाचं शहर आहे, तिथे 1949 मध्ये नाटोविरुद्धच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने एक तरुण कामगार गेला. बऱ्याच वर्षांनी आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तिथल्या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या तर कितीतरी जण ठामपणे सांगत होते की तो 1953 ला गेला, कामगारांची मोठी कपात झाली त्या संपात. सगळ्यांची चूक एकाच दिशेला कशी झाली? कारण आपला माणूस मेला आणि आपण काहीच केलं नाही हे त्यांना सहन होत नव्हतं, म्हणून आठवणीने त्याला मोठ्या लढ्यात नेऊन बसवला. तारीख चुकीची, पण त्या गावाच्या मनातलं त्या चुकीमुळेच कळलं. नाना नोव्हेंबर म्हणत असतील तर कदाचित त्यांच्यासाठी लढाई नोव्हेंबरलाच सुरू झाली असेल, सरहद्दीवर गेले तेव्हापासून. सरकारी नोंदीत युद्ध 3 डिसेंबरला सुरू होतं, शिपायाच्या आयुष्यात ते आधीच सुरू झालेलं असतं. पुढच्या भेटीत सरळ विचार, तुमच्यासाठी लढाई कधी सुरू झाली नाना?

तसंच त्या गोळीच्या चिठ्ठीचं. पलटणीत ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय की पाहिलेलं आणि ऐकलेलं एकमेकात मिसळून जातं, सगळ्यांचंच मिसळतं. खोटं बोलताय का असा सूर न लावता एवढंच विचारायचं, 'तेव्हा तुम्ही कुठे होता? हे तुम्हाला कोणी सांगितलं?' उत्तरातून बहुतेक वेळा आपोआप वेगळं होतं.

आता यादीबद्दल. कोणाकोणाच्या मुलाखती घेणार आहात ते तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक मेडलवाले, सुभेदार, 26 जानेवारीला स्टेजवर बसतात ते, बरोबर? त्यांच्या घ्याच. पण स्वयंपाकी, ड्रायव्हर, सिग्नलवाला, क्लार्क, न्हावी यांनाही गाठा. आणि गावातल्या सगळ्या आळ्यांमध्ये जा, फक्त आपल्या नाही. महार रेजिमेंट 1941 ला बेळगावात उभी राहिली, पण त्याच्या मागे फार मोठी लढाई आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरतीच बंद करून टाकली होती, गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले, पहिल्या महायुद्धात 111 महार पलटण काढली आणि 1921 ला मोडून टाकली, मग परत बाबासाहेबांनी जोर लावला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार निवृत्तीनंतर तुमच्या साताऱ्यातच राहिले, 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव साताऱ्यातल्याच शाळेत दाखल झाले. म्हणजे फौजीची पेन्शन आणि फौजीचं शिक्षण एका घराचं काय करू शकतं याचं उदाहरण तुमच्याच शहरात आहे, आणि त्या वस्त्यांमध्ये आजही महार रेजिमेंटचे पेन्शनर बसलेले आहेत ज्यांच्या दारात कुठलाच कॉलेजचा ग्रुप गेलेला नाही. श्रीलंकेत 1987 ते 90 शांतिसेनेत गेलेल्यांना पण शोध. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिथेच 25 नोव्हेंबर 1987 च्या चकमकीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे ते. पण तिथून परतलेल्या साध्या जवानाला गावात कोणी हार घातले नाहीत, तुम्ही तिकडे का गेला होता हेच लोकांना माहीत नव्हतं. ही माणसं अजून साठी-सत्तरीत आहेत, आवाज खणखणीत आहे, आणि कोणी विचारलेलं नाही.

बायकांच्या मुलाखती घ्या. हे मी प्रोजेक्टला जोड म्हणून सांगत नाहीये, त्यांच्याशिवाय प्रोजेक्ट अर्धा आहे. नानांच्या मंडळी असतील तर त्यांना वेगळं बसवून विचार, नाना समोर नकोत, नाहीतर दोन वाक्यं बोलून 'ते यांनाच विचारा' म्हणतील. रेडिओवर 71 च्या बातम्या कोणाच्या घरी ऐकायला जायच्या, पोस्टमन वाड्याकडे वळला की काय व्हायचं, तार आली की आधी कोण वाचायचं, मनीऑर्डर सासऱ्यांच्या नावाने यायची का हिच्या, बाळंतपणात कोण होतं. वीरपत्नींकडे जाताना आणखी जपून, आणि त्यांना त्या एकाच दिवसाबद्दल विचारू नका, त्यानंतर घर कसं चालवलं ते विचारा.

परवानगी. मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरात लिहा की रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, कुठे ठेवणार, कुठला भाग काढायचा असेल तर कधीही सांगू शकता. वाचून दाखवा, सही घ्या, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. हे कागदी काम नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले हिंदी शिपाई बर्लिनजवळ व्ह्युन्सडॉर्फच्या कॅम्पमध्ये होते, तिथे विद्वान मंडळी फोनोग्राफ घेऊन गेली आणि भाषांचे नमुने म्हणून त्यांचे आवाज रेकॉर्ड केले. आजही त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. त्यातला माल सिंग नावाचा एक पंजाबी शिपाई 1916 मध्ये स्वतःची गोष्ट परक्याची असल्यासारखी सांगतो, एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा, मग युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला घरी जायचंय. ऐकणाऱ्यांना त्याच्या घराशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना उच्चार हवे होते. कैद्याला नाही म्हणता येत नव्हतं. नानांना म्हणता आलं पाहिजे, आणि आपल्याला नाही म्हणता येतं हे त्यांना माहीतही असलं पाहिजे, कारण कॉलेज, सर, प्रोजेक्ट असे शब्द ऐकून जुनी माणसं भिडेखातर हो म्हणतात.

नुकत्याच निवृत्त झालेल्यांशी बोलताना चौक्या, हत्यारं, तुकड्या कुठे असतात असल्या गोष्टी विचारू नका आणि बोलण्यात आल्या तर ठेवू नका, 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट अजून लागू आहे, आणि त्यात तेही अडकू शकतात, तुम्हीही. दुसऱ्या कोणाची बदनामी, कोर्टमार्शल, दारू, असं नावानिशी आलं तर तो भाग बंद ठेवायचा का ते त्यांनाच विचारा.

रेकॉर्डिंगचं तंत्र पटकन सांगते, त्यात काही अवघड नाही. मोबाईल चालेल, कॉलर माइक मिळाला तर उत्तम. फोन एअरप्लेन मोडवर. पंखा बंद, टीव्ही बंद, आतल्या खोलीत कुकर लागलाय का ते आधी विचारा. सेटिंगमध्ये वेव फॉरमॅट, म्हणजे आवाज न दाबता साठवणारा, मिळतो का बघा. सुरुवातीला तुझ्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय ते बोल, मग अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनने ऐक, मगच पुढे जा. एका बैठकीला तास-दीड तास पुष्कळ झाला, सकाळी जेवणाआधी जा. त्याच दिवशी तीन ठिकाणी कॉपी करा, लॅपटॉप, एक हार्ड डिस्क, एक क्लाउड. व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना पाठवून त्यालाच कॉपी समजू नका, तिथे आवाज दाबला जाऊ शकतो. आणि लिहून काढताना त्यांची भाषा शुद्ध करू नका. 'आमी तितं पोझिशन घेटली आन साब बोला रुको' हे असंच लिहायचं, सातारी आणि फौजी हिंदी एकत्र, ती त्यांची भाषा आहे, पुस्तकातली करायचा आपल्याला अधिकार नाही.

राहिले सर. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांनाही कार्यक्रम करायचाय. त्यांना सांग की तीन मिनिटं देते पण शौर्याची नाही देणार, आणि मूळ रेकॉर्डिंग न कापता वेगळं ठेवणार. अमेरिकेत 2000 सालापासून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे माजी सैनिकांच्या मुलाखती जमवायचा कार्यक्रम आहे, दहावी आणि त्यापुढची मुलंसुद्धा त्यासाठी रेकॉर्डिंग करतात, आणि तिथे अट आहे की मुलाखत किमान अर्ध्या तासाची आणि एडिट न केलेली पाहिजे. सरांना हे सांगितलंस तर पटेल बहुधा. मग नाना हो म्हणाले तरच, त्या पाऊण तासातलं खेचरांचं घे, बर्फातून रेशन घेऊन येणारं. मागे तुतारी नको, गोळीबाराचे आवाज तर अजिबात नकोत, समोर बसलेल्या कितीतरी माजी सैनिकांना ते ऐकवत नाहीत. आणि कार्यक्रमाच्या आधी नानांना आणि वहिनींना घरी बसून दाखव, काढ म्हणाले तर काढ, मग भले स्टेजवर काही नाही लागलं तरी चालेल.

नाना कायमचे नाही म्हणाले तर दुसऱ्या घरी जा, यादी मी वर दिलीच आहे, पण त्या मुलालाही बरोबर घेऊन जा, त्याला माइक आणि हेडफोन सांभाळायला दे, ऐकायला शिकेल. आणि कॉलेजच्या ग्रंथपालांना याच आठवड्यात भेट, सगळ्या फायली, फोटो आणि सह्यांचे कागद लायब्ररीत कायमचे ठेवायला मिळतील का ते लेखी विचार, कारण तुम्ही पास होऊन गेलात की पेन ड्राइव्ह कोणाच्या ड्रॉवरमध्ये पडला ते कोणालाच आठवत नाही. प्रत्येक घरी एक कॉपी द्यायचीच, नातवंडांपैकी जो फोन नीट वापरतो त्याच्या हातात.